जंगलात, पाण्यावर काम करायचंय? कोणतं ट्रेनिंग घ्यावं आणि हातातला मोबाईल कुठे कामी येतो

२०२२ च्या व्याघ्रगणनेसाठी देशभरातले वनकर्मचारी आणि त्यांचे सोबती मिळून सुमारे ६ लाख ४१ हजार किलोमीटर पायी चालले. ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्या कॅमेऱ्यांनी ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो काढले. त्यात वाघाचे फोटो होते ९७,३९९. म्हणजे हजार फोटोंमागे जेमतेम दोन! बाकीचे हरणांचे, रानडुकरांचे, गुरांचे, वाऱ्याने हललेल्या गवताचे आणि वाटेने जाणाऱ्या माणसांचे.

आता विचार करा. ते कॅमेरे कुणीतरी झाडाला बांधले. त्यांची बॅटरी कुणीतरी बदलली, मेमरी कार्ड कुणीतरी गोळा केलं. कोणता कॅमेरा कुठे होता ही नोंद कुणीतरी नीट ठेवली, आणि मग कॉम्प्युटरवर त्याची छाननी झाली. ही कामं करणारे सगळेच काही शास्त्रज्ञ नव्हते. त्यात बारावी झालेले वनरक्षक होते आणि जंगलाच्या कडेला राहणारी पोरंही होती.

"निसर्गाची आवड आहे, पण त्यात करिअर होतं का?" हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर असं आहे: होतं, पण नुसत्या आवडीवर नाही आणि नुसत्या सर्टिफिकेटवरही नाही. रानात जाऊन अचूक नोंद घेता येणं आणि ती नोंद डिजिटल नकाशावर मांडता येणं, ही दोन्ही कौशल्यं ज्याच्याकडे आहेत त्याला आज काम मिळण्याची शक्यता जास्त. आजच्या लेखात आपण पाहूया की ही कामं कोणती, त्यात कोणतं तंत्रज्ञान वापरतात, ट्रेनिंग कुठे मिळतं आणि फी भरण्याआधी काय तपासायचं.

या क्षेत्रात नेमकी कामं कोणती?

"नैसर्गिक संसाधन" हा शब्द जड वाटतो. सोप्या भाषेत सांगायचं तर जंगल, पाणी, माती, किनारा आणि त्यात राहणारे जीव. यांची काळजी घेणं, मोजमाप ठेवणं आणि त्यावर लोकांची उपजीविका नीट चालवणं, अशी ही कामं आहेत.

• वनरक्षक, वनपाल: सरकारी नोकरी. गस्त, वणवा, अवैध तोड, शिकार, मानव-वन्यजीव संघर्ष हे सगळं यात येतं.
• क्षेत्र सहाय्यक: संशोधन प्रकल्पात कॅमेरा ट्रॅप लावणं, पक्षी-प्राण्यांची मोजणी, झाडांचं सर्वेक्षण. बहुतेक वेळा कंत्राटी काम.
• जीआयएस तंत्रज्ञ: उपग्रहाची चित्रं आणि गावातून आलेल्या नोंदी एकत्र करून नकाशे बनवणं.
• पाणलोट किंवा भूजल कार्यकर्ता: विहिरींची पातळी मोजणं, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणं, बंधाऱ्याची जागा ठरवायला मदत करणं.
• निसर्ग मार्गदर्शक: व्याघ्र प्रकल्पात, पक्षी अभयारण्यात, कांदळवनात पर्यटकांना माहिती देणं.
• रोपवाटिका, बांबू, मध, वनौषधी: जंगल टिकवून त्यातून उत्पन्न मिळवण्याची कामं.

शेवटच्या दोन प्रकारांत नोकरीपेक्षा स्वतःचा व्यवसाय जास्त असतो. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन सफारी चालवतात. खाडी त्यांना लहानपणापासून माहीत होती. पाहुण्यांना ती समजावून कशी सांगायची, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. ट्रेनिंगचा उपयोग नेमका इथे होतो.

यात तंत्रज्ञान कुठे येतं?

पूर्वी वनरक्षकाकडे डायरी आणि काठी असायची. आता त्यासोबत फोन असतो. काही उदाहरणं बघूया.

*१) गस्तीचं ॲप: एम-स्ट्राइप्स*

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये ही प्रणाली सुरू केली. वनरक्षक गस्तीला निघाला की ॲप चालू करतो. तो कोणत्या वाटेने गेला ते जीपीएसवर नोंदलं जातं. वाटेत पंजाचा ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, तोडलेलं झाड किंवा फासा दिसला की तो जागच्या जागी नोंद करतो आणि फोटो काढतो. हे सगळं रेंज नसतानाही चालतं. नंतर ऑफिसात आल्यावर डेटा जमा होतो.

याचा फायदा काय? महिनाभराच्या गस्ती नकाशावर टाकल्या की कोणत्या भागात कुणीच फिरकलेलं नाही ते लगेच दिसतं. शिकारी नेमक्या अशाच जागा शोधत असतो.

*२) कॅमेरा ट्रॅप आणि एआय*

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोरून काही गरम शरीराचं हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. कोट्यवधी फोटो माणसाने एकेक करून बघायचे तर वर्षं जातील. म्हणून आधी एक सॉफ्टवेअर फोटोंची प्राण्यांनुसार विभागणी करतं. मग दुसरं सॉफ्टवेअर वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची तुलना करतं. आपल्या बोटांचे ठसे जसे वेगवेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे एकच वाघ दहा कॅमेऱ्यांत आला तरी तो एकच मोजला जातो. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात ४४४ वाघ आले. २०१८ मध्ये हा आकडा ३१२ होता आणि २०१४ मध्ये १९०.

पण एआयला एक गोष्ट कळत नाही. कॅमेरा किती उंचीवर, कोणत्या वाटेवर आणि कोणत्या दिशेला लावायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. सूर्यासमोर तोंड करून लावला तर फोटो पांढरे येतात. समोर उंच गवत राहिलं तर कार्ड गवताच्या फोटोंनीच भरतं. प्राणी कुठून जातो हे ज्याला कळतं, त्याच्या कॅमेऱ्यात प्राणी येतो.

*३) वणव्याचा एसएमएस*

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या मदतीने जंगलातल्या आगी शोधते आणि मोबाईलवर सूचना पाठवते. सामान्य नागरिकही त्यांच्या वेबसाइटवर नंबर नोंदवून आपल्या भागाच्या सूचना मिळवू शकतात.

इथे एक गंमत समजून घ्या. यातल्या एका प्रकारच्या उपग्रह-चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा चौकोन, म्हणजे जवळपास १४ हेक्टर. उपग्रह एवढंच सांगतो की या चौकोनात कुठेतरी आग आहे. आग नेमकी कुठे, वारा कुठला, जाळरेषा कुठे आहे आणि जवळचा पाणवठा कोणता, हे जागेवरच्या माणसालाच ठाऊक असतं. शिवाय तो ठिपका खरंच वणवा आहे की शेतातला राब पेटवलाय, हेही बघावं लागतं.

*४) विहिरीची पातळी आणि जलदूत*

केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०२२ मध्ये जलदूत ॲप आणलं. गावातल्या निवडक विहिरींची पाणीपातळी वर्षातून दोनदा मोजायची, एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. मोजमाप आणि फोटो ॲपमध्ये भरायचे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अनेक वर्षांपासून निरीक्षण विहिरींची अशी मोजमापं घेत आली आहे.

या आकड्यांचं पुढे काय होतं? गावाचा पाण्याचा ताळेबंद बनतो. हिशोब सोपा आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र ५०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर आभाळातून आलेलं पाणी झालं २५० कोटी लिटर. त्यातलं किती वाहून गेलं, किती उडून गेलं आणि किती मुरलं, हे काढलं की रब्बीला कोणतं पीक परवडेल ते ठरवता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार याच पद्धतीसाठी ओळखलं जातं. दरवर्षी पावसाचा हिशोब मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची.

मग ट्रेनिंग कुठे मिळतं?

आता मुख्य मुद्दा. तुमच्या शिक्षणानुसार पर्याय बघूया.

*दहावी-बारावी झालेल्यांसाठी*

हरित कौशल्य विकास कार्यक्रम: केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१७ मध्ये १० जिल्ह्यांत याची सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात जैवविविधता संवर्धक आणि पॅराटॅक्सॉनॉमिस्ट असे दोन कोर्स होते. पॅराटॅक्सॉनॉमिस्ट म्हणजे रानात जाऊन वनस्पती-कीटकांचे नमुने गोळा करणारा, त्यांची वर्गवारी करणारा आणि प्राथमिक ओळख पटवणारा माणूस. अंतिम शिक्कामोर्तब तज्ज्ञ करतो, पण पहिलं काम याचं. पुढे कार्यक्रम देशभर वाढवला गेला आणि त्यात बांबू कारागिरी, पाण्याचा ताळेबंद, लोक जैवविविधता नोंदवही, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवणं असे बरेच विषय आले. बॅच नेहमी चालू नसतात. म्हणून मंत्रालयाच्या साइटवर सध्या कोणत्या केंद्रात कोणता कोर्स आहे, ते बघूनच ठरवा.

आयटीआय: सर्व्हेअरचा ट्रेड बघा. जमीन मोजणी, नकाशा वाचन आणि उपकरणं हाताळणं यात शिकवतात. जंगल असो की पाणलोट, हद्द मोजणारा माणूस सगळीकडे लागतो.

ग्रीन जॉब्सची कौशल्य परिषद: २०१५ मध्ये स्थापन झालेली ही परिषद सौरऊर्जा, कचरा व्यवस्थापन, पाणी अशा विषयांतल्या कामांचे अभ्यासक्रम ठरवते. जंगलात जायचं नसेल पण पर्यावरणाशी जोडलेलं तांत्रिक काम हवं असेल, तर इथे शोधा.

*पदवीधरांसाठी*

• दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनविद्येची चार वर्षांची पदवी आहे. ती मात्र बारावी विज्ञाननंतर करायची.
• पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेली ही संस्था आहे.
• मुंबईची बीएनएचएस, म्हणजे १८८३ पासून चालू असलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. पक्षी, कीटक, सरपटणारे प्राणी अशा विषयांवर त्यांचे छोटे कोर्स असतात.
• पाण्यात रस असेल तर पुण्याच्या ॲक्वाडॅम आणि वॉटर या संस्थांची नावं लक्षात ठेवा. ॲक्वाडॅम भूजलावर काम करते आणि वॉटर पाणलोट विकासावर. दोन्ही संस्था प्रशिक्षणही देतात.
• भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आहेत. प्रवेशाला स्पर्धा मोठी आहे.

*घरबसल्या, मोफत*

इस्रोची डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून ऑनलाइन कोर्स घेते. रिमोट सेन्सिंग, जीआयएस, जीपीएस असे विषय असतात आणि फी नसते. हजेरीची अट पूर्ण केली की प्रमाणपत्र मिळतं. कोर्स बहुतांशी इंग्रजीत असतो, पण इस्रोच्या संस्थेचं नाव बायोडाटावर असणं ही लहान गोष्ट नाही.

यासोबत क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर शिका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर त्याचे धडे आहेत. त्यासाठी लॅपटॉप लागतो. स्वतःचा नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या लॅपटॉपवर आठवड्यातून दोन वेळा बसलात तरी पुरे.

वनरक्षक व्हायचं असेल तर

ही भरती सगळ्यांना माहीत असते, पण अटी नीट वाचलेल्या नसतात. २०२३ च्या भरतीत महाराष्ट्रात वनरक्षकांच्या २,१३८ जागा होत्या. शिक्षण बारावी पास, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यापैकी किमान एक विषय असायला हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालत होती. पगारश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये. महिलांसाठी राज्याच्या नियमाप्रमाणे ३० टक्के समांतर आरक्षण असतं.

लेखी परीक्षेसोबत धावण्याची चाचणी असते. शिवाय चालण्याची चाचणी असते, ती अनेकजण विसरतात. पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना ४ तासांत १६ किलोमीटर. धावायचा सराव सगळे करतात, पण सलग चार तास चालायचा सराव कुणी करत नाही. तो आधीपासून करा. पुढच्या भरतीत अटी बदलू शकतात, त्यामुळे त्या वेळची मूळ जाहिरात वाचूनच अर्ज भरा.

लक्षात घ्या, वनरक्षकाच्या भरतीसाठी आधी कुठलाही "फॉरेस्ट गार्ड डिप्लोमा" करावा लागत नाही. निवड झाल्यावर विभागच प्रशिक्षण देतो.

आजपासून मोबाईलवर काय सुरू करता येईल?

कोर्सला प्रवेश मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. साध्या स्मार्टफोनवर पुढची चार कौशल्यं एका महिन्यात जमतात.

पहिला आठवडा, जीपीएस समजून घ्या. अनेकांना वाटतं जीपीएसला इंटरनेट लागतं. तसं नाही. फोन उपग्रहांकडून थेट सिग्नल घेतो. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, एवढंच. नेट बंद करून उघड्या मैदानात उभे राहा आणि जागा येते का बघा. मग तेच दाट झाडीखाली करा. उघड्यावर चूक साधारण पाच मीटरची असते, झाडीत ती वाढते. अक्षांश-रेखांश लिहिताना दशांश चिन्हानंतरचे आकडे गाळू नका. तीनच आकडे लिहिले तर जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे होते. पाच आकडे लिहिले तर फरक मीटरभराचा राहतो.

दुसरा आठवडा, नोंदीचा फोटो काढायला शिका. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. झाडाचा फोटो काढायचा तर पूर्ण झाड, पान, खोडाची साल आणि फूल किंवा फळ, असे वेगवेगळे फोटो हवेत. पंजाच्या ठशाशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. आणि एक महत्त्वाचं: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती राहते. ही छोटी गोष्ट माहीत नसल्यामुळे सर्वेक्षणाचे अख्खे दिवस वाया जातात.

तिसरा आठवडा, ओळख पटवायला शिका. आयनॅचरलिस्टवर वनस्पती, कीटक, प्राणी कशाचाही फोटो टाकता येतो. ॲप नाव सुचवतं आणि जगभरातले जाणकार ते तपासतात. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे. तिथे पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी भरायची. ॲपने सुचवलेलं नाव लगेच खरं मानू नका. आजीला, गुराख्याला, वैदूला स्थानिक नाव विचारा आणि दोन्ही लिहून ठेवा. गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव यांची जोडी ज्याच्या वहीत आहे, त्याला लोक जैवविविधता नोंदवहीच्या कामात मान असतो.

चौथा आठवडा, एकाच जागेची नोंद सुरू ठेवा. एक विहीर, एक ओढा, एक देवराई किंवा कॉलेजचं आवार निवडा. दर रविवारी त्याच वेळी जा आणि त्याच पद्धतीने नोंद घ्या. सहा महिन्यांनी तुमच्याकडे जे जमेल ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल. मुलाखतीत "निसर्गाची आवड आहे" म्हणणारे शंभर असतात. "आमच्या गावच्या ओढ्याच्या या २६ आठवड्यांच्या नोंदी" म्हणून फोन पुढे करणारा एखादाच.

दोन गोष्टी मात्र पाळा. दुर्मीळ प्राण्याची किंवा घरट्याची नेमकी जागा इन्स्टावर टाकू नका. रीलच्या नादात शिकाऱ्याला पत्ता मिळतो. आणि साप पकडायला जाऊ नका, तोही व्हिडिओसाठी तर अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिक्षा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा जीव.

कोर्सची फी भरण्याआधी हे तपासा

मोबाईलवर "सरकारमान्य वाईल्डलाइफ कोर्स, १०० टक्के नोकरी" अशा जाहिराती येतात. घाई करू नका. पाच प्रश्न विचारा.

१. मान्यता कुणाची? कौशल्य अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय पातळीवर एनसीव्हीईटी ही नियामक संस्था आहे. मान्यता असलेले अभ्यासक्रम नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये सापडतात. पदवी-पदविका असेल तर विद्यापीठाचं नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बघा.
२. रानातले दिवस किती? सगळा कोर्स पीडीएफ आणि झूमवर असेल तर तो माहितीचा कोर्स आहे, कौशल्याचा नाही.
३. शिकवणारे कोण? त्यांनी स्वतः कुठे काम केलंय?
४. मागच्या बॅचमधले दोन विद्यार्थी सध्या काय करतात? त्यांच्याशी बोलायला देतात का?
५. पैसे कुठे भरायचे? सरकारी योजनेच्या नावाखाली कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर "रजिस्ट्रेशन फी" मागत असतील तर तिथेच थांबा.

"१०० टक्के सरकारी नोकरी" असं कुठलाच खासगी कोर्स देऊ शकत नाही. सरकारी नोकरी जाहिरात आणि परीक्षेतूनच मिळते.

खरी परिस्थिती काय आहे?

फक्त चांगली बाजू सांगून चालणार नाही. या क्षेत्रातली बरीच कामं प्रकल्पापुरती असतात. सर्वेक्षण संपलं की काम संपलं. निसर्ग मार्गदर्शकाचं उत्पन्न पर्यटनाच्या हंगामावर चालतं आणि पावसाळ्यात कोअर भाग बंद झाला की ते कमी होतं. उन्हाळ्यात वणव्याच्या वेळी वनरक्षकाला रात्र-दिवस नसतो. अस्वल, रानडुक्कर, वाघ यांचा धोका खराच आहे. रेंज नाही आणि घरापासून लांब राहावं लागतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

म्हणून एकाच कौशल्यावर राहू नका. जो फक्त पक्षी ओळखतो त्याला वर्षातले काही महिने काम. जो पक्षी ओळखतो, जीपीएसने नोंद घेतो, क्यूजीआयएसमध्ये नकाशा बनवतो आणि मराठीत चार पानांचा अहवाल लिहितो, त्याला प्रकल्प संपल्यावर पुढच्या प्रकल्पात बोलावलं जातं.

आणि हे काम फक्त पगारासाठीच उपयोगी पडतं असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मागायचा तर गावाला आपल्या जंगलाची हद्द दाखवावी लागते. हक्क मिळाल्यावर बांबू किती तोडायचा आणि किती ठेवायचा याचा आराखडा लागतो. ज्या गावात हद्द मोजणारी, नोंद ठेवणारी दोन-चार पोरं-पोरी आहेत, त्या गावाला प्रत्येक कागदासाठी बाहेरच्या माणसाच्या मागे फिरावं लागत नाही.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*इंग्रजी येत नाही, चालेल का?*
रानातल्या कामाला चालेल. पण शास्त्रीय नावं लॅटिनमध्ये असतात आणि सॉफ्टवेअरचे मेनू इंग्रजीत. तेवढं कामापुरतं शिकून घ्या.

*कला शाखेतून आहे, प्रवेश मिळेल का?*
भूगोल किंवा अर्थशास्त्र असेल तर वनरक्षकाचा रस्ता उघडा आहे. जीआयएसलाही भूगोलाचे विद्यार्थी चांगले जमतात. वनविद्येच्या पदवीला मात्र विज्ञान लागतं.

*ड्रोन शिकू का?*
शिका, पण घाईने नको. व्यावसायिक कामासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास ही अट आहे. फी बरीच असते. आधी नकाशाचं काम शिका, कारण ड्रोनने काढलेले फोटो शेवटी जीआयएसमध्येच येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

*सुरुवात कुठून करू?*
येत्या रविवारी एक जागा निवडा आणि पहिली नोंद घ्या. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं आणि फोटो. मग इस्रोच्या संस्थेच्या पुढच्या मोफत कोर्सची तारीख बघा आणि नाव नोंदवा. या दोन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

तुमच्या गावात कोणती जागा आहे जिची नोंद ठेवावी असं तुम्हाला वाटतं? विहीर, तळं, देवराई, खाडी? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि भरतीची तयारी करणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर चार तास चालायच्या चाचणीची आठवण करून द्यायला हा लेख त्यांना पाठवा.